मोटर पाणी का ओढत नाही? हवेच्या वजनाचा शोध आणि त्यानंतरचं जग

आमच्या गावाकडच्या विहिरीत, काठापासून बरंच खाली, कातळात एक कोनाडा फोडलेला होता. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वडील आणि चुलते दोरखंड बांधून मोटर त्या कोनाड्यात उतरवायचे. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की तीच मोटर, कधी कधी भर रात्री बॅटरीच्या उजेडात, वर काढायची. नाहीतर बुडून जळायची. लहानपणी मला हा खटाटोप कळायचा नाही. मोटर काठावरच ठेवायची आणि पाइप लांब सोडायचा, एवढं साधं का करत नाहीत? वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पंचवीस फुटांच्या वर मोटर पाणी ओढत नाही. पाच हॉर्सपॉवरची लाव, नाहीतर पंधराची लाव."

वडिलांचं म्हणणं बरोबर होतं, आणि जवळजवळ याच शब्दांत ते चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या पंपवाल्यांनीही सांगून ठेवलं होतं. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एक पात्र आपला अनुभव सांगतं. टाकीतलं पाणी खाली गेलं आणि पंप चालेना, म्हणून त्यानं कारागिराला बोलावलं. कारागीर म्हणाला, पंपात काही बिघाड नाही; पाणी अठरा हातांपेक्षा खोल गेलंय, आणि त्याच्यापुढे कुठलाही पंप ते केसभरही वर ओढू शकत नाही. तिथले अठरा हात म्हणजे आपले सुमारे साडेदहा मीटर, साधारण ३४ फूट. (वडिलांचे पंचवीस फूट कमी, कारण पाइपातलं घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा आणि फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाशी बसवलेली झडप), ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, यांत बरीच उंची खर्च होते.)

विहिरीवर काम करणाऱ्यांना ही मर्यादा ठाऊक होती. पंडितांकडे तिचं उत्तर नव्हतं. त्या एका 'का?'मधून पुढे काय काय निघालं, ते मला इथे सांगायचं आहे. वाफेचं इंजिन, कुकर, हवामानाचा अंदाज ही त्यातली दिसणारी फळं. त्याहून मोठा बदल माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीत झाला.

आधी जुनी समजूत काय होती ते पाहू. युरोपात जवळजवळ दोन हजार वर्षं ॲरिस्टॉटलचं मत प्रमाण मानलं जायचं: रिकामी जागा, म्हणजे निर्वात पोकळी, अस्तित्वातच असू शकत नाही. पुढे त्याचं सूत्र झालं की निसर्गाला पोकळी सहन होत नाही. पंपाचा दट्ट्या वर उचलला की त्याच्याखाली पोकळी होऊ पाहते, निसर्ग ती होऊ देत नाही, म्हणून पाणी धावत वर येतं. हे वेडगळ नव्हतं. पिचकारी, कुप्पी, शेणकुटं पेटवायचा भाता, सगळीकडे ते लागू पडायचं. अडचण एकच होती. निसर्गाला जर पोकळीचं इतकं वावडं आहे, तर ते ३४ फुटांवर एकाएकी कसं संपतं?

गॅलिलिओनंही इथे चूक केली. त्याला वाटलं, पाण्याचा खांब हा टांगलेल्या दोरासारखा आहे. फार लांब झाला की स्वतःच्याच वजनानं तुटतो. गंमत अशी की जेनोआच्या बालियानी नावाच्या अभ्यासकानं १६३० साली त्याला पत्रातून डोंगरावरून नेलेल्या, पण न चालणाऱ्या एका नळाची हकिगत कळवली होती आणि हवेच्या वजनाची शक्यताही सुचवली होती. गॅलिलिओनं ती मानली नाही. मोठ्या माणसाची चूकही इतिहासात नीट नोंदलेली असावी, असं मला वाटतं. तिच्यामुळे पुढच्या माणसाचं काम किती अवघड होतं ते कळतं.

पुढचा माणूस म्हणजे एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली. आंधळ्या झालेल्या गॅलिलिओच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो त्याच्याजवळ राहिला होता. त्याच सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्तीनं घराच्या भिंतीला उभी शिशाची लांबच लांब नळी लावून तिच्यात पाणी भरलं आणि खालचं तोंड पिंपात उघडलं. पाणी उतरलं, आणि साडेदहा मीटरच्या आसपास थांबलं. पण एवढी लांब नळी हाताळणं म्हणजे मोठंच काम. तोरिचेल्लीला सुचलं की पाण्याऐवजी पारा घ्यावा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे खांबाची उंचीही तितक्या पट कमी हवी. १६४४ साली त्याच्या सांगण्यावरून विव्हियानी या त्याच्या सहकाऱ्यानं प्रयोग केला. एक टोक बंद असलेली काचेची नळी पाऱ्यानं काठोकाठ भरली, तोंडावर बोट दाबलं, नळी उलटी करून पाऱ्याच्या वाडग्यात बुडवली आणि बोट काढलं. पारा खाली आला आणि ७६ सेंटीमीटरवर थांबला. वर काचेत रिकामी जागा उरली.

७६ ला १३.६ नं गुणून पाहा. १०३३ सेंटीमीटर येतात, म्हणजे पंपवाल्याचे अठरा हात.

तोरिचेल्लीचा खरा शोध मात्र त्या नळीत नव्हता. त्यानं पारा वर धरून ठेवणारं बळ नळीच्या आत शोधणं सोडलं आणि बाहेर पाहिलं. ११ जून १६४४ च्या पत्रात त्यानं मित्राला लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो. वाडग्यातल्या पाऱ्यावर ही सगळी हवा रेलून बसलेली आहे. नळीच्या आत पाऱ्याच्या माथ्यावर हवा नाही, म्हणून बाहेरची हवा त्याला आत ढकलते, आणि दोन्हीकडची वजनं सारखी झाली की पारा थांबतो. पोकळी काहीच ओढत नाही. हे पडताळायला त्यानं दोन नळ्या घेतल्या होत्या. एकीच्या वरच्या टोकाला काचेचाच मोठा गोल फुगवटा होता, दुसरी सरळ होती. पोकळी ओढत असती तर मोठ्या पोकळीनं जास्त ओढलं असतं. पारा दोन्हींत एकाच उंचीवर थांबला.

हे पचायला अवघड आहे, कारण आपली भाषाच 'ओढण्या'नं भरलेली आहे. मोटर पाणी 'ओढते', आपण शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉनं 'ओढतो'. प्रत्यक्षात आपण तोंडातली हवा फक्त विरळ करतो. बाकीचं काम शहाळ्यातल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा करते, तीच पाणी वर ढकलते. खात्री करायची असेल तर काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून स्ट्रॉ घालायची आणि कडेनं मेण लावून फट बुजवायची. मग कितीही जोर लावा, पाणी वर येत नाही, कारण ढकलणाऱ्या हवेला आत वाटच उरलेली नसते. विहिरीवरची मोटरही असंच करते. ती पाइपातला दाब फक्त कमी करते, पाणी वर चढवणं बाहेरच्या हवेकडे असतं. आणि हवेची ताकद दहा-साडेदहा मीटरला संपते. म्हणून मोटर पाचची असो की पंधराची, फरक पडत नाही.

हवेला वजन असतं हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण 'हवा' हा शब्दच आपण 'काही नाही' या अर्थानं वापरतो: हवेत बोलणं, हवेतले इमले. पण दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा तोलली तर ती ३३ किलोच्या आसपास भरते. एका चौरस सेंटीमीटरवर ती साधारण एक किलोच्या वजनाइतकी दाबते. आपल्या तळहातावर शंभर किलोहून जास्त भार असतो, आणि तो कळत नाही कारण हाताखालूनही तेवढाच असतो.

तोरिचेल्लीनं या प्रयोगावर स्वतः काही छापलं नाही. गॅलिलिओला धर्मपीठानं १६३३ मध्ये शिक्षा ठोठावली होती आणि पोकळीचा विषयही धर्मशास्त्राच्या वादात गुंतलेला होता. १६४७ साली, चाळिशीच्या आतच तो गेला. पण बातमी तोवर फ्रान्समध्ये पोचली होती आणि रुआँमध्ये ब्लेझ पास्काल नावाच्या विशीतल्या तरुणानं ती उचलली होती. त्यानं जहाजाच्या डोलकाठीला काचेच्या लांबलचक नळ्या बांधून लोकांसमोर पाण्याचे आणि तांबड्या वाइनचे खांब उभे केले. वाद मात्र मिटेना. विरोधक म्हणायचे, वरची जागा रिकामी नाहीच, काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून काहीतरी तरल पदार्थ आत शिरलेला आहे. वाद घालून हे सुटणार नव्हतं.

मग पास्कालला जे सुचलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत सुंदर वाटतं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी असू, तर डोंगरावर चढणं म्हणजे त्या समुद्रात थोडं वर येणं. तिथे डोक्यावर हवा कमी, म्हणून पारा खाली उतरला पाहिजे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असेल, तर तो डोंगराच्या पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी असायचं काही कारण नाही.

पास्कालची प्रकृती नाजूक होती आणि पॅरिसजवळ उंच डोंगर नव्हता. त्याच्या मूळ गावी, क्लेरमाँला, १४६५ मीटर उंचीचा प्युई द दोम होता आणि तिथे त्याचे मेहुणे फ्लोराँ पेरिए राहत होते. १९ सप्टेंबर १६४८ ला सकाळी पेरिए गावातले काही पाद्री आणि प्रतिष्ठित माणसं बरोबर घेऊन निघाले. आधी गावातल्या सगळ्यात सखल जागी, एका मठाच्या बागेत, दोन नळ्या भरून पाहिल्या. दोन्हींत पारा तेव्हाच्या फ्रेंच मापानं २६ इंच साडेतीन रेषा (रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग) उभा राहिला. एक नळी तिथेच ठेवून एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं. दुसरी घेऊन सगळे वर गेले. माथ्यावर पारा २३ इंच २ रेषांवर थांबला. आपल्या मापानं तो जवळजवळ साडेआठ सेंटीमीटर उतरला होता.

पेरिएंनी मोजमाप माथ्यावर पाच वेळा केलं. कधी उघड्यावर, कधी आडोशाला, कधी धुक्यात. आकडा तोच आला. उतरताना मध्ये थांबून मोजलं तर पारा मधल्या उंचीवर. संध्याकाळी बागेत परतले, तेव्हा तिथल्या पाद्र्यानं सांगितलं की खालची नळी दिवसभरात हलली नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन मोजलं तर तिथेही थोडासा, पण मोजता येईल इतका फरक दिसला.

त्या दिवसात काय काय घडलं ते पाहा. आधी भाकीत केलं, मग मोजलं. एक नळी तुलनेसाठी खाली ठेवली. पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, साक्षीदार नेले, आकडे लिहून ठेवले. आज शाळेतल्या प्रयोगवहीत आपण जे निमूटपणे लिहितो, ते तेव्हा नवीन होतं. आणि प्रश्नही बदलला होता. 'निसर्गाला काय हवंय?' असं विचारलं की उत्तर ग्रंथांत शोधावं लागतं. 'किती?' असं विचारलं की डोंगर चढावा लागतो, आणि डोंगर कोणीही चढू शकतो. कोणाचं खरं मानायचं हे ठरवण्याची जागा त्या दिवसांत ग्रंथालयातून हळूहळू बाहेर पडू लागली.

जर्मनीत ओटो फॉन ग्युरिके या मॅग्डेबर्गच्या नगराध्यक्षानं हीच गोष्ट हजारो लोकांना कळेल अशी करून दाखवली. त्याचं शहर १६३१ मध्ये युद्धात जळून बेचिराख झालं होतं; तो अभियंता होता, शहर पुन्हा उभं करण्यात आणि त्याच्या वाटाघाटींत त्याची उमर गेली. फावल्या वेळात त्यानं हवा काढणारा पंप बनवला. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा काढली. १६५७ साली मॅग्डेबर्गला दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले तेव्हा कुठे ते अर्धगोल सुटायची वेळ आली. चावी उघडून हवा आत सोडली की तेच गोल हातानं अलग व्हायचे. आतल्या 'काही नाही'ची ताकद नव्हती ती, बाहेरच्या हवेची होती, आणि ती सुमारे दोन टन भरते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलनं रॉबर्ट हूककडून त्याहून सोयीचा पंप बनवून घेतला आणि १६६० साली आपले प्रयोग छापले. काचेच्या हंडीतली हवा काढली की मेणबत्ती विझायची, घंटेचा आवाज मंदावायचा, पक्षी तडफडायचा. बॉइलनं फसलेले प्रयोगही लिहिले आणि यंत्राचं बारकाईनं चित्र दिलं, म्हणजे वाचणाऱ्यालाही साक्षीदार होता यावं. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉयल सोसायटीची सुरुवात झाली. तिच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा आशय असा की कोणाच्याही शब्दावर विसंबू नका.

तेव्हाच थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञानं एक टोचणारा प्रश्न विचारला: बंद खोलीत निवडक लोकांनी पाहिलं, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं का? तो प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. घाम गाळून पंप मारणाऱ्या नोकरांची नावं साक्षीदारांत नसायची. स्त्रियांना सोसायटीत सभासदत्व मिळायला १९४५ साल उजाडलं. पहिला भारतीय सभासद १८४१ साली निवडला गेला. तो आपल्या मुंबईचा, जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्यातला अर्देशीर करसेटजी वाडिया. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचा तो मुख्य अभियंता होता.

वाफेकडे आता आलोच आहोत. बॉइलचा मदतनीस देनी पापँ यानं १६७९ साली घट्ट झाकणाचं भांडं बनवलं, ज्यात हाडंसुद्धा मऊ शिजायची. भांडं फुटू नये म्हणून पुढे त्यानं वजनाखाली दबलेली झडप लावली. वाफ जास्त झाली की वजन उचलून बाहेर पडायची. आपल्या कुकरच्या शिट्टीचं हेच पूर्वरूप. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ पटकन शिजते. हिमालयात दाब कमी, पाणी आधीच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तीच डाळ तासन्‌तास शिजत नाही.

पापँनंच १६९० साली आणखी एक कल्पना मांडली. नळकांड्यात वाफ भरायची आणि ती थंड करायची. वाफेचं पाणी झालं की जागा दीड हजारांहून जास्त पटींनी आकसते, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. या तत्त्वावर चालणारं कामाचं इंजिन थॉमस न्यूकॉमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं १७१२ साली इंग्लंडमध्ये डडली कॅसलजवळच्या कोळसा खाणीवर उभं केलं. खाणींत पाणी भरत होतं, घोडे लावून उपसणं परवडत नव्हतं. इंजिनाची अवजड तुळई मिनिटाला बारा वेळा हलायची आणि दर खेपेला सुमारे ४५ लिटर पाणी ४६ मीटर खोलीवरून वर यायचं. इंजिन वर जमिनीवर आणि पंप खाली खाणीत, लांब दांड्यानं जोडलेला. पंप खाली नेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, जसं आमच्या वडिलांना मोटर कोनाड्यात उतरवण्यावाचून नव्हतं.

त्या इंजिनात जोर वाफेचा नव्हता, हवेचा होता. वाफ फक्त जागा रिकामी करून द्यायची. जेम्स वॉटनं १७६९ च्या पेटंटनं त्यात मोठी सुधारणा केली, पुढे जास्त दाबाची इंजिनं आली, रूळ आले, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. गिरण्या, चाळी, गावाकडून मुंबईला गेलेल्या माणसांच्या मनीऑर्डरी या सगळ्यांच्या मागे जी वाफ होती, तिची सुरुवात खाणीतल्या पाण्यापासून झाली.

आता जूनमधल्या बातम्या. 'अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा' हे वाक्य आपण इतकं ऐकतो की त्यातला 'दाब' कशाचा, हे विचारायचंच राहून जातं. तो तोरिचेल्लीच्याच नळीतला दाब. हवा कधी जड, कधी हलकी होते आणि नळी ते दाखवेल, हे त्यानंच लिहून ठेवलं होतं. हवा हलकी होऊन वर चढली की दाब उतरतो, आजूबाजूची हवा तिथे धावते, ढग आणि वारा येतात. मुंबईची कुलाबा वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून अशा नोंदी ठेवते आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याची चाहूल आधीच लागलेली होती आणि हजारो माणसं वेळेत हलवली गेली होती. झाडं, छपरं, नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, पण माणसं हलवता आली.

मागच्या मे महिन्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मी बेर्तीचा प्रयोग करून पाहिला. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी घेतली, तेरा मीटर. पाण्यानं भरली, एक टोक बुच मारून तारेनं आवळलं, दुसरं खाली बादलीत बुडवून ठेवलं आणि बंद टोक गच्चीवरून दोरीनं वर ओढायला लागलो. नऊ मीटरपर्यंत काही झालं नाही. त्याच्या थोडं वर गेल्यावर नळीचा वरचा भाग आपोआप चपटा झाला, जणू कोणी मुठीत धरला. "काका, नळी कोण दाबतंय?" असं एका मुलानं विचारलं, तेव्हा मी उत्तर न देता त्याला थोडा वेळ दिला.

दुसऱ्या दिवशी जाड, आत दोरा विणलेली नळी आणली. ती चपटी झाली नाही. पाणी वरून सुटलं, बुडबुडे आले आणि ते थांबलं. सातवीतल्या एका मुलीनं गच्चीवरून टेप सोडून मोजलं आणि वहीत लिहिलं: पुणे, ९ मीटर ३८. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर आहे, म्हणून इथे हवा थोडी कमी, हे मी सांगितलं. तिनं विचारलं, मग मुंबईत किती येईल? पाऊण मीटरच्या आत-बाहेर जास्त, असं म्हणालो. तिचा मामा दादरला राहतो, चौथ्या मजल्यावर. नळी गुंडाळून पिशवीत घालून ती घेऊन गेली आहे. खालच्या ओळीत तिनं 'दादर' लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे.